नॉर्टहाइम: एका सुशिक्षित गावाने हुकूमशाही कशी आपलीशी केली

जर्मनीतल्या तेव्हाच्या हॅनोव्हर प्रांतात, लाइने नदीच्या खोऱ्यात, ग्योटिंगनच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर नॉर्टहाइम नावाचं गाव आहे. १९३० च्या सुमारास तिथे पुस्तकांचं एक दुकान होतं. दुकानदार शांत, वाचनवेडा, चर्चला जाणारा, गावात मान असलेला. काही वर्षं दक्षिण अमेरिकेत शिकवून परत आलेला. हाच गावातला पहिला नाझी. हिटलरचं नाव तिथे फारसं कुणाच्या कानावर पडलं नव्हतं, तेव्हापासूनचा. पुढे पक्ष वाढू लागला तेव्हा गावकरी एकमेकांना सांगत, की हा माणूस त्यात आहे ना, मग ते काही वाईट नसणार.

लाखो माणसं हुकूमशाही चळवळीच्या मागे का जातात, हे शोधताना आपली नजर बहुधा वर जाते: नेत्याच्या भाषणाकडे, मशालींच्या मिरवणुकांकडे, रेडिओकडे. मी इथे मुद्दाम त्या दुकानाच्या पायरीवरून बघणार आहे. नॉर्टहाइमने बहुमत दिलं ते लांबच्या हिटलरपेक्षा जवळच्या, ओळखीच्या माणसांच्या भरवशावर, असं माझं मत बनलं आहे. हुकूमशाहीच्या मानसशास्त्रातली ही बाजू मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.

गाव

वस्ती सुमारे दहा हजार. रेल्वेचं जंक्शन, तालुक्याची कचेरी, शाळा, काही लहान कारखाने. बहुसंख्य लोक लुथरन पंथाचे. सरकारी नोकरांचं प्रमाण मोठं, त्यामुळे गावाला स्थैर्य होतं. विल्यम शेरिडन ॲलन या अमेरिकन इतिहासकाराने १९५० च्या दशकात तिथे राहून माणसांशी बोलून, स्थानिक वर्तमानपत्रं आणि नगरपालिकेचे कागद चाळून या गावाचा अभ्यास केला. तो १९६५ साली प्रसिद्ध झाला, सुरुवातीला गावाचं नाव बदलून, कारण बोलणारी माणसं अजून तिथेच राहत होती. आज आपल्याला नॉर्टहाइमबद्दल जे कळतं ते मुख्यतः त्याच्या कष्टांमुळे.

मतांचे आकडे आधी बघू. मे १९२८ च्या संसदीय निवडणुकीत नाझींना गावात १२३ मतं पडली, दोन टक्क्यांच्या आसपास. सप्टेंबर १९३० मध्ये १,७४२, म्हणजे २८ टक्के. त्या वेळी देशभरात त्यांना १८.३ टक्के होती. जुलै १९३२ मध्ये नॉर्टहाइमने नाझींना ६२ टक्के मतं दिली. देशाचा आकडा ३७.३ होता. हिटलर तेव्हा सत्तेवर नव्हता. रस्त्यांवर मारामाऱ्या होत होत्या हे खरं, पण मतपेटी खुली होती, विरोधी पक्ष उभे होते, वर्तमानपत्रं निघत होती. मार्च १९३३ च्या दहशतीतल्या निवडणुकीत गावातला आकडा जवळपास तेवढाच राहिला. थोडक्यात, जे व्हायचं ते जबरदस्तीच्या आधीच होऊन गेलं होतं. म्हणूनच हे प्रकरण अभ्यासण्याजोगं आहे. बंदुकीच्या धाकाने दिलेल्या मताचं मानसशास्त्र सोपं असतं.

भूक नव्हती, भीती होती

महामंदीने जर्मनी उपाशी केली आणि उपाशी जर्मनीने हिटलर निवडला, हे उत्तर आपण शाळेपासून ऐकत आलो. नॉर्टहाइममध्ये ते टिकत नाही. नोकऱ्या गेल्या त्या कामगारांच्या, आणि बेकार झालेला कामगार मुख्यतः सोशल डेमोक्रॅट पक्षाबरोबर राहिला किंवा कम्युनिस्टांकडे वळला. देशपातळीवरच्या मतदानाच्या नंतरच्या अभ्यासांतही हेच दिसतं: बेकारांनी नाझींना सरासरीपेक्षा कमी मतं दिली. नॉर्टहाइमचा दुकानदार, कारकून, शिक्षक, निवृत्त अधिकारी यांचं प्रत्यक्ष नुकसान मर्यादित होतं. मंदीच्या काळात गावातल्या बचत खात्यांमधल्या ठेवी वाढल्या होत्या.

मग घाबरले कोण? हेच ठेवीदार. रोजगार कचेरी गावात होती आणि आसपासच्या खेड्यांतले बेकारही तिथेच कार्डावर शिक्का मारून घ्यायला यायचे. दुकानाच्या काचेतून ती माणसं दिसत. अवघ्या काही वर्षांपूर्वी, १९२३ मध्ये, याच मध्यमवर्गाची आयुष्यभराची पुंजी चलनफुगवट्यात रद्दी झाली होती. आज पगार आहे, उद्याचं काय, हा प्रश्न त्यांच्या जेवणाच्या टेबलावर रोज बसलेला असायचा. ज्याचं सगळं गेलं आहे तो संतापतो. ज्याच्याकडे अजून थोडं उरलं आहे आणि तेही जाईल असं ज्याला वाटतं, त्याची मनःस्थिती वेगळी असते: तो शिस्त मागतो, कुणीतरी हे सगळं थांबवावं असं म्हणतो, आणि खाली घसरलेल्या माणसाबद्दल त्याला दया वाटण्याऐवजी धास्ती वाटते.

या धास्तीला नाव होतं ‘मार्क्सवाद’. गावातले सोशल डेमोक्रॅट प्रत्यक्षात मवाळ माणसं होती. नगरपालिकेत घरं, पोहण्याचा तलाव, बालवाडी अशा गोष्टींसाठी भांडणारी. पण त्यांची भाषा क्रांतीची होती आणि सभा लाल झेंड्याखाली व्हायच्या. मध्यमवर्गाने त्यांचं काम बघितलं नाही, झेंडा बघितला. कामगारांना नगरपालिकेत बरोबरीची जागा मिळते आहे, ही गोष्ट त्यांना बेकारीइतकीच बोचत होती. हे कबूल केल्याशिवाय नॉर्टहाइम समजत नाही. प्रतिष्ठेचा प्रश्न पैशाच्या प्रश्नाच्या पोटात लपलेला होता.

कॅरेन स्टेनर या राजकीय मानसशास्त्रज्ञ बाईंनी अलीकडच्या काळात मांडलेलं सूत्र इथे उपयोगी पडतं. त्यांच्या मते हुकूमशाहीकडे झुकणारी वृत्ती समाजातल्या बऱ्याच माणसांत सुप्त असते. एरवी ती दिसतही नाही. ‘आपण सगळे एक’ ही भावना मोडते आहे, मूल्यांवरचं एकमत सुटतं आहे, असं वाटू लागलं की ती जागी होते. निव्वळ आर्थिक झळ तिला तेवढी जागवत नाही. ज्या गावात कामगार आणि मध्यमवर्ग एकमेकांकडे शत्रू म्हणून बघू लागले होते, तिथे ‘फोल्क्सगेमाइनशाफ्ट’, म्हणजे वर्गभेद विसरून एक झालेला राष्ट्रसमाज, हा शब्द कानाला किती गोड लागला असेल, याचा अंदाज करता येतो.

१९३४ साली कोलंबिया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ थिओडोर एबल यांनी एक विलक्षण स्पर्धा जाहीर केली होती: जुन्या नाझी सदस्यांनी आपण पक्षात का आलो ते लिहून पाठवावं, बक्षिसं एकूण ४०० मार्कांची. ६८३ आत्मकथनं आली. ती लिहिणारे अर्थातच विजयी बाजूने, विजयाच्या क्षणी लिहीत होते, त्यामुळे सावधपणे वाचावी लागतात. तरी एक सूर पुन्हा पुन्हा लागतो: युद्धातल्या खंदकात उमराव आणि मजूर एकत्र होते, घरी आलो तर सगळे तुटलेले, इथे, पक्षाच्या सभेत, ते पुन्हा सापडलं. माणसं तिथे द्वेष शोधायला गेली, असं ती स्वतः सांगत नाहीत. आपलेपणा सापडला, असं सांगतात. त्या आपलेपणाच्या बदल्यात कुणाला बाहेर काढलं जाणार आहे, हे बघण्याची तसदी त्यांनी घेतली नाही.

सभा

नॉर्टहाइमचे नाझी सतत काहीतरी करत असत. इतर पक्ष निवडणुकीपुरते जागे व्हायचे. हे निवडणूक नसतानाही दर काही आठवड्यांनी सभा घेत. आणि सभेला प्रवेशशुल्क असे. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. पैसे देऊन माणूस येतो तो ऐकायला, करमणुकीला, बरोबरीच्या लोकांत बसायला. गर्दी जमली तर खर्च निघे, नाही जमली तर खिशाला चाट, म्हणून कुठला विषय गावात चालतो हे पक्षाला लगेच कळत असे. जो विषय चालला तो पुन्हा, जो पडला तो बाद. नॉर्टहाइममध्ये देशभक्ती, सैन्य, धर्म आणि मार्क्सवाद्यांवरचा राग चालत होता. लुथरन गावात पाद्री वक्ते म्हणून आणले जात. बँड, नाटुकली, ‘जर्मन संध्या’.

यहुदीद्वेष तिथे मागे ठेवला गेला. गावात यहुदी माणसं सुमारे १२०, कित्येक पिढ्या राहिलेली, नेमबाजीच्या मंडळांत आणि गायनमंडळांत इतरांच्या खांद्याला खांदा लावून वावरणारी. ॲलनचा निष्कर्ष असा, की नॉर्टहाइमचे लोक यहुदीद्वेषामुळे नाझी झाले नाहीत. नाझी झाल्यामुळे यहुदीद्वेषाकडे गेले. अनेकांनी पक्षाचं ते बोलणं निवडणुकीतलं बोलणं म्हणून सोडून दिलं.

यामुळे त्यांची जबाबदारी हलकी होते असं मला वाटत नाही, उलट ती जास्त गंभीर होते. द्वेषाने पेटलेला माणूस निदान काय करतो आहे ते जाणतो. नॉर्टहाइमच्या मतदाराने शेजाऱ्याच्या जिवावर उठलेला कार्यक्रम वाचला, ऐकला आणि ‘तेवढं सोडलं तर बाकी बरं आहे’ असं म्हणून मत दिलं. जे आपल्यावर येणार नाही ते किरकोळ मानण्याची ही सवय बहुतेक साध्या माणसांत असते, माझ्यातही असेल, आणि या सगळ्या प्रकरणात ती मला सगळ्यात धोकादायक वाटते.

१६१ क्लब

आता या अभ्यासातला सर्वात चक्रावणारा भाग. ॲलनने गावातल्या संस्था मोजल्या: १६१. साठेक माणसांमागे एक. गायनाचे, कसरतीचे, नेमबाजीचे, बागकामाचे, माजी सैनिकांचे, धंदेवाल्यांचे. आपल्याकडच्या गल्लोगल्लीच्या मंडळांची सवय असलेल्या वाचकाला हे चित्र परकं वाटणार नाही.

एकटी, तुटलेली, मुळं उपटलेली माणसं हुकूमशाहीला बळी पडतात, हा विसाव्या शतकातला मोठा सिद्धांत. मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांनी १९४१ मध्ये स्वातंत्र्याच्या एकाकीपणाला घाबरून माणूस सत्तेला शरण जातो असं मांडलं. राजकीय विचारवंत हाना आरेंट यांनीही सर्वंकष सत्तेच्या मुळाशी एकाकीपणा पाहिला. त्यात तथ्य असेल, पण नॉर्टहाइमचा मतदार एकाकी नव्हता. तो मंगळवारी गायला जायचा, शनिवारी खेळायला, रविवारी चर्चला. २०१७ साली सत्यनाथ, फॉइग्टलेंडर आणि फोथ या तीन अभ्यासकांनी जर्मनीतल्या २२९ गावा-शहरांची आकडेवारी मांडून दाखवलं, की जिथे मंडळं-संस्था दाट होत्या तिथे नाझी पक्षात माणसं जास्त वेगाने शिरली. संस्था म्हणजे ओळखी, आणि ओळखी म्हणजे विश्वासाचे तयार रस्ते. त्या रस्त्यांवरून काय जाईल हे रस्ता ठरवत नाही.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली: प्रशियात, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्यात, जिथे प्रांतिक सरकार बराच काळ स्थिर होतं, हा संबंध क्षीण होता. आणि हॅनोव्हर प्रांत, म्हणजे नॉर्टहाइमही, तर प्रशियातच होतं! मला यातून असं वाटतं, की निव्वळ संस्थांच्या संख्येवर सगळं ढकलून चालणार नाही. त्या कशा विभागलेल्या होत्या ते बघावं लागेल. नॉर्टहाइममध्ये कामगारांचं गायनमंडळ वेगळं आणि मध्यमवर्गाचं वेगळं होतं. कामगारांचा कसरत क्लब वेगळा, इतरांचा वेगळा. एकाच गावात, एकाच चौकात, दोन समाज शेजारी शेजारी गात होते आणि एकमेकांचा आवाज ऐकत नव्हते. पुस्तकवाल्याचा शब्द एका बाजूच्या सगळ्या मंडळांत पोचला. दुसऱ्या बाजूचा, ‘हे लोक घातक आहेत’ हा शब्द कधीच पलीकडे गेला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर आडोर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये ‘हुकूमशाही व्यक्तिमत्त्व’ मोजण्याची प्रश्नावली मांडली: कडक बाप, दबलेला राग, वरच्यापुढे झुकणं आणि खालच्याला चिरडणं. त्या प्रश्नावलीत रचनेचा मोठा दोष होता, सगळी विधानं एकाच दिशेला झुकलेली, त्यामुळे ‘हो’ म्हणण्याची सवय असलेला कुणीही हुकूमशाहीवादी ठरायचा. पुढे मानसशास्त्रज्ञ बॉब आल्टमायर यांनी ती बरीच सुधारली. पण माझी अडचण दोषाची नाही. १९२८ मध्ये दोन टक्के आणि चार वर्षांनी ६२ टक्के, या उडीचं स्पष्टीकरण व्यक्तिमत्त्वाने कसं द्यायचं? चार वर्षांत गावाचे बाप बदलत नाहीत. बदललं ते आजूबाजूच्या लोकांना काय वाटतं याबद्दलचं प्रत्येकाचं अनुमान.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता, की धर्मातली भक्ती मोक्षाचा मार्ग असेल, राजकारणातली भक्ती मात्र अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ते भाषण मी वरचेवर वाचतो. नॉर्टहाइम वाचल्यापासून त्याला एक जोड द्यावीशी वाटते: भक्ती बऱ्याचदा नंतर येते. आधी ‘अमुक भला माणूसही त्यांच्यात आहे’ एवढंच असतं.

१९३३ चे सहा महिने

३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला, तोवर गावात पक्षाचे सदस्य शंभराच्या आत होते. मेपर्यंत ते हजाराच्या वर गेले. यात भक्तांपेक्षा नोकरी सांभाळणारे, बढती बघणारे आणि ‘आपण बाहेर राहिलो तर’ या विचाराने झोप उडालेले जास्त असावेत.

सोशल डेमोक्रॅटांची शोकांतिका वाचताना जीव तुटतो. त्यांची लढाऊ संघटना, राइशबानर, नाझींच्या सशस्त्र उठावाला तोंड द्यायची तयारी करून बसली होती. योजना आखलेल्या, माणसं ठरलेली, फक्त बर्लिनहून आदेश यायचा होता. आदेश आला नाही, कारण उठाव झालाच नाही. सत्ता कायद्याच्या दारातून आत आली. संसद जळाल्यावर २८ फेब्रुवारीच्या वटहुकमाने नागरी हक्क गेले. मग घराघरांत झडत्या, मारहाण, नोकरीवरून काढणं. जवळच्या मोरिंगेन गावात छळछावणी उघडली. कामगार एकेक करून, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कारणाने मोडले गेले. कुणालाही हाच तो क्षण, आता उठायला हवं, असं सांगता आलं नाही.

मध्यमवर्गाने हे बघितलं आणि बहुतेकांनी मान वळवली, कारण मार खाणारे ‘ते’ होते. १ एप्रिलला यहुदी दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला, दारात गणवेशातली माणसं उभी राहिली. कालपर्यंत नमस्कार करणारे ओळखीचे लोक रस्त्याची दुसरी बाजू धरू लागले. मग गावातल्या यहुदी माणसांनी मंडळांत जाणं स्वतःहून सोडलं, म्हणजे मित्रांना अवघडायला नको. या वाक्यावर मी प्रत्येक वेळी थांबतो. ज्यांच्यावर संकट आलं तेच इतरांची अडचण टाळत होते.

दरम्यान, गावाला फळंही मिळत होती. एर्न्स्ट गिरमान हा स्थानिक नाझी पुढारी महापौर झाला आणि त्याने बेकारांना सार्वजनिक कामांवर लावलं. जुनी लाकडी चौकटीची घरं दुरुस्त झाली, जंगलाच्या कडेला खुलं नाट्यगृह उभं राहिलं. ज्यांना शिस्त हवी होती त्यांना शिस्त दिसली. आपण बरोबर होतो, असं स्वतःला सांगण्यासाठी डोळ्यांसमोर पुरावा हवा असतो, आणि तो रंगवलेल्या भिंतींच्या रूपात रोज समोर होता.

आणि क्लब? ‘ग्लाइखशाल्टुंग’ म्हणजे सगळ्या संस्था एका सुरात आणणं. कामगारांच्या संस्था बंद, मालमत्ता जप्त. मध्यमवर्गाच्या मंडळांना कार्यकारिणीत नाझी बहुमत घ्यावं लागलं; गायनमंडळं एकत्र केली गेली; कित्येक संस्था नुसत्या विरून गेल्या. ज्या मंडळांच्या आधाराने हा पक्ष गावात रुजला, ती मंडळं त्याने पहिल्याच वर्षात पोखरली. जिथे माणसं मोकळी बोलतात अशी जागा त्याला परवडणारी नव्हती, मग ती आपल्या मतदारांची का असेना.

ॲलनला कुणीतरी एक घटना सांगितली. एका घरगुती मेजवानीत एका डॉक्टरने थोडी जास्त घेतली आणि हिटलरच्या बोलण्याची नक्कल केली. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान बाईंनीच पक्षाच्या कचेरीत जाऊन ते कळवलं. ही बातमी गावभर झाली, आणि मग त्यासाठी कुणाला पोलीस लागले नाहीत. मेजवानीला न जाणंच बरं, असं लोकांनी आपापसात ठरवलं. वीस-पंचवीस वर्षांनी ॲलनशी बोलतानाही गावकरी सांगत होते, की त्या काळात गावाला सामाजिक आयुष्य असं उरलंच नव्हतं.